अफगाण चर्च, मुंबई

अफगाण चर्च, मुंबई : मुंबई शहराच्या दक्षिण टोकास, कुलाबा येथील नौदलाच्या वसाहतीलगत असलेले प्रॉटेस्टंट पंथीय ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. त्याचे अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च असे असून पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात (१८३८–४२) आणि त्यानंतरच्या सिंध मोहिमेत (१८४३) कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून ते बांधण्यात आले. त्यावरून ‘अफगाण चर्च’ हे नाव रूढ झाले. मुंबईतील गॉथिक पुनरुज्जीवन शैलीच्या वास्तूंची परंपरा सामान्यतः या चर्चपासून सुरू झाली असे मानतात. वास्तुकलेच्या इतिहासात त्याला जे स्थान मिळाले, त्यामानाने ज्या युद्धाच्या स्मरणार्थ ते उभे राहिले, त्या युद्धाचा आणि मुंबई सैन्याचा संबंध मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

ऑक्टोबर १८३८ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑक्लंड याने काबूलच्या गादीवर शाह शुजाला पुन्हा बसविण्याचा जाहीरनामा काढला. या मोहिमेसाठी दोन सैन्ये निघाली. बंगालचे सैन्य खुष्कीने गेले, तर सर जॉन कीन याच्या आधिपत्याखालील मुंबईचे सैन्य जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरले. कुलाबा बेट मुंबईच्या मुख्य बेटाला बांधाने जोडण्याचे काम त्याच वर्षी पूर्ण झाले होते. जुलै १८३९ मध्ये गझनीचा किल्ला पडला आणि ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काबूलमध्ये प्रवेश केला. त्यानंतर मुंबईच्या सैन्याचा मोठा भाग माघारी वळला व परतीच्या वाटेवर नोव्हेंबरमध्ये त्याने कलात जिंकले.

अफगाण चर्च म्हटले की जानेवारी १८४२ मधील काबूलची माघार लोकांना आठवते. सु. साडेचार हजार सैनिक व सु. बारा हजार बाजारबुणगे काबूलहून निघाले. बर्फ, उपासमार आणि खिंडींतील हल्ले यांत त्यांपैकी बहुतेकांचा नाश झाला आणि १३ जानेवारी रोजी विल्यम ब्रायडन हा डॉक्टर जखमी अवस्थेत जलालाबादला पोहोचला. ही हकीकत खरी असली, तरी त्या सैन्यातील पलटणी बहुतांशी बंगालच्या होत्या. मुंबईच्या सैन्याची हानी मुख्यत्वे अन्यत्र, म्हणजे सिंध, बलुचिस्तान व कंदाहारकडील वाटांवर झाली आणि तीत लढाईपेक्षा उष्मा, तहान व रोगराई यांचा वाटा मोठा होता. या हानीचे ठळक उदाहरण म्हणजे १८४० मधील काहूनचा वेढा. मरी टोळ्यांच्या मुलखातील या लहानशा गढीत कॅप्टन लुइस ब्राउन हा पाचव्या मुंबई देशी पायदळाच्या एका तुकडीसह मेपासून सप्टेंबरपर्यंत अडकून पडला. त्याच्या मदतीस निघालेले मेजर क्लिबॉर्नचे दल नफुस्क घाटात पराभूत झाले. पाणी न मिळाल्यामुळे त्यातील कित्येक माणसे तडफडून मेली. अखेर ब्राउनने टोळीच्या प्रमुखाशी बोलणी करून गढी सोडली. पुढे ‘काली पाँचवी’ म्हणून ओळखली गेलेली ही पलटण आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पूर्वज पलटणींपैकी होय आणि ‘काहून’ हा तिच्या रणसन्मानांपैकी एक आहे.

फेब्रुवारी व मार्च १८४३ मध्ये मियानी व दुब्बा येथे सर चार्ल्स नेपियर याने सिंधच्या मीरांचा पराभव केला. त्याच्या फौजेतील देशी पायदळही मुंबई सैन्यातलेच होते. त्या काळी मुंबईच्या देशी पलटणींत कोकण आणि देशावरील मराठे, महार इ. जातींच्या, तसेच उत्तर हिंदुस्थानातील शिपायांचा भरणा असे. अफगाणिस्तानातून इंग्रजांना काहीच मिळाले नाही, कारण दोस्त मुहम्मद १८४३ मध्ये काबूलला परतला. सिंध मात्र खालसा झाला आणि १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याला जोडलेला होता. एकाच स्मारकात या दोन मोहिमांची सांगड घातली गेल्यामुळे अपयशाची स्मृती यशाच्या आड झाकली गेली, असे म्हणता येईल.

कुलाब्याच्या छावणीचा धर्मोपदेशक रेव्हरंड जॉर्ज पिगट याने या मृतांच्या स्मरणार्थ छावणीत कायमचे चर्च बांधण्याची कल्पना १८४३ च्या सुमारास मांडली व वर्गणी जमविण्यास सुरुवात केली. सरकारने जागा दिली. पण चर्चचा मनोरा उंच असावा आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून खुणेसारखा दिसावा, अशी अट घातली. ही अट चर्चच्या पुढील इतिहासात निर्णायक ठरली. कुलाब्याची जमीन अरुंद व सखल असून तिच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. तेथील उंच शिखर नाविकांना उपयोगी पडणार हे उघड होते. मात्र ते उभारण्याचा खर्च स्मारकनिधीच्या आवाक्याबाहेरचा होता.

इंग्लंडमधील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) या वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा याच खर्चापायी बाजूस सारावा लागला. स्कॉटने मुंबईला कधीही भेट दिली नाही. पुढे मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह व राजाबाई मनोरा या वास्तूंचे आराखडे त्याने इंग्लंडमधूनच पाठविले आणि त्या १८७४ व १८७८ मध्ये पूर्ण झाल्या. कुलाब्यात जे त्याला साधले नाही, ते प्रेमचंद रायचंदसारख्या दात्यांच्या पैशाने मैदानाकाठी साधले.

चर्चचे काम अखेर हेन्री कॉनिबेअर याच्याकडे आले. तो पेशाने अभियंता होता. मुंबईच्या नगरव्यवस्थेत तो नोकरीस होता आणि शहराला नळाने पाणी देणारी विहार तलावाची योजना (१८५६–६०) हे त्याचे अधिक प्रसिद्ध कार्य होय. मध्ययुगीन वास्तुकलेची त्याला चांगली जाण होती व तेराव्या शतकातील प्रारंभिक इंग्लिश गॉथिक शैली त्याने या चर्चसाठी निवडली. ४ डिसेंबर १८४७ रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज रसेल क्लार्क याच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. निधीअभावी काम रेंगाळले आणि दहा वर्षांनी, ७ जानेवारी १८५८ रोजी, बिशप जॉन हार्डिंग याने चर्चचे पवित्रीकरण केले. त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात १८५७ चा उठाव चालूच होता. मुंबईतही १५ ऑक्टोबर १८५७ रोजी कटाच्या आरोपावरून दोन देशी शिपायांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले होते. देशी सैनिकांनीही भाग घेतलेल्या युद्धाचे स्मारक ज्या वातावरणात खुले झाले, ते ध्यानात घेणे आवश्यक आहे.

मनोऱ्याचे काम तोपर्यंत अपुरेच होते. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला; सर कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–७८) या पारशी दात्यानेही मनोऱ्यासाठी देणगी दिली. १० जून १८६५ रोजी १९८ फूट (सु. ६० मी.) उंचीचे शिखर पूर्ण झाले. त्यानंतर महिन्याच्या आतच मुंबईचा सट्टाबाजार कोसळला. काम आणखी थोडे लांबते, तर मनोरा बहुधा अर्धवटच राहिला असता.

वास्तुरचना : अफगाण चर्चपूर्वी मुंबईतील इंग्रजी इमारती अभिजात ग्रीक-रोमन वळणाच्या असत. १७१८ मध्ये खुले झालेले सेंट टॉमस चर्च (सध्याचे कॅथीड्रल) मुळात साध्या बांधणीचे होते आणि टाउन हॉल (१८३३) हा डोरिक स्तंभांचा आहे. अशा नगरात टोकदार कमानी, निमुळत्या खिडक्या, उंच छत आणि आकाशात घुसणारे शिखर असलेली ही वास्तू अगदी निराळी दिसली असणार. तिच्यामागे केवळ नवी फॅशन नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील धर्मसुधारकांनी मध्ययुगीन चर्चच्या रचनेला धार्मिक अर्थ देऊन तिचे पुनरुज्जीवन सुरू केले होते. त्यांच्या मते प्रवचनापेक्षा वेदीपुढील विधी प्रमुख. म्हणून वेदीचा भाग लोकांच्या बसण्याच्या दालनापासून वेगळा, खोल आणि सुशोभित असला पाहिजे. कुलाब्याच्या चर्चमध्ये हे तत्त्व काटेकोरपणे पाळलेले दिसते. मेथॉडिस्ट व तत्सम पंथांच्या प्रार्थनागृहांत व्यासपीठ मध्यवर्ती ठेवून सर्वांना प्रवचन नीट ऐकू येईल अशी सलग सभागृहाची योजना केली जाते. दोहोंची तुलना केल्यास एकाच धर्मातील दोन उपासनापद्धतींनी दोन वेगळ्या वास्तू कशा घडविल्या, हे कळते.

चर्चची मांडणी पूर्व-पश्चिम असून मध्यवीथी, तिच्या दोहो बाजूंच्या पार्श्ववीथी आणि पूर्वेकडील वेदिस्थान असे तिचे भाग आहेत. वेदिस्थान सु. ५० फूट (सु. १५ मी.) लांब व २७ फूट (सु. ८ मी.) रुंद आहे. बांधकाम पिवळसर छटेच्या स्थानिक बेसाल्टाचे व चुनखडकाचे आहे. बेसाल्ट कठीण, तर चुनखडक कोरण्यास सोपा. त्यामुळे इंग्लंडमधील मऊ दगडासाठी घडलेली शैली येथे साधेपणाकडे झुकली, आणि ते तिच्या पथ्यावर पडले. आतील रुंद टोकदार कमानींची रांग हा या चर्चचा सर्वांत प्रभावी भाग होय. वेदी, तिच्यामागील अलंकृत पडभिंत इ. अंतर्गत सजावट विल्यम बटरफील्ड (१८१४–१९००) या नामवंत इंग्लिश वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यांनुसार झाली. भौमितिक आकृत्यांची फरसबंदीही त्याचीच असून तिच्या फरशा इंग्लंडहून आणल्या होत्या. पूर्व व पश्चिम बाजूंच्या चित्रकाचेच्या खिडक्या न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स या कारागिराच्या आहेत. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पूर्वेच्या खिडकीतून वेदीवर पडणारा रंगीत प्रकाश हा रचनेचाच एक भाग आहे.

मनोऱ्यातील आठ घंटांचा संच इंग्लंडमधील लफबरो येथील टेलर ओतशाळेत ओतलेला असून तो १९०४ मध्ये आला. प्रत्येक घंटा चाकावर बसवून दोराने पूर्ण वर्तुळात फिरविली जाते व घंटांचा क्रम ठराविक गणिती नियमाने बदलत नेतात. अशा रीतीने वाजविता येणारे संच भारतात फारच थोडे आहेत.

स्मृतिलेख : वेदिस्थानाच्या भिंतींवर मोहिमेत मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. स्मृतिलेखात दुय्यम अधिकारी व साधे शिपाई यांचाही उल्लेख आहे; पण त्यांची संख्या इतकी मोठी होती की नावे देणे शक्य नाही, अशा अर्थाचे शब्द त्यात योजले आहेत. मृत्यू आजाराने आला काय किंवा तलवारीने आला काय, दोहोंना त्यात सारखेच मानले आहे, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे. सर्वांची नावे कोरण्यास भिंत पुरली नसती, हेही खरे. तथापि काहूनच्या गढीतील किंवा नफुस्क घाटातील देशी शिपाई या लेखाच्या एका सामूहिक शब्दात सामावून गेले. त्यांच्या गावांत आणि घरांत त्यांचे स्मरण ज्या रीतीने झाले असेल, त्या रीतीचा या वास्तूशी काहीही संबंध नव्हता. प्रार्थनाही त्यांच्या धर्माची नव्हती. मुंबई सैन्यातील देशी शिपायांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला म्हणून चर्चपेक्षा पलटणींच्या परंपरांकडे वळावे लागते.

या चर्चनंतर मुंबईत गॉथिक शैली सार्वजनिक इमारतींची शैली बनली. सर बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) याच्या कारकीर्दीत कोटाची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर सचिवालय, उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स याचे व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्या वास्तूंत व्हेनिसची आणि भारतीय शैलीची वळणे मिसळली. कुलाब्याचे चर्च मात्र शुद्ध इंग्लिश वळणाचेच राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात छावणीतील ब्रिटिश पलटणी गेल्या आणि चर्चची उपासकमंडळी बदलली. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन परंपरेतील हे चर्च तेव्हापासून त्याच्या मुंबई धर्मप्रांतात मोडते. ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथॉडिस्ट मंडळे त्या ऐक्यात सामील झाली, पण अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट चर्च बाहेर राहिले व १९८१ मध्ये ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले. मुंबईच्या वारसा वास्तूंच्या यादीत अफगाण चर्चचा समावेश असून समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे दगड व लोखंड यांची झीज सतत होत असल्याने त्याची निगा राखणे खर्चाचे ठरते. उपासकांच्या बाकांच्या जागी पूर्वी सैनिक बसत. भिंतींवरील पलटणींच्या पाट्या त्या काळाच्या खुणा होत.