नमुन्याचा कोट

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत इंग्लंडांत कापड दुर्मिळ झालें आणि १ जून १९४१ पासून वस्त्रांवर कूपनें बसलीं. पाठोपाठ सरकारनें ठरवून दिलेलीं साधीं, टिकाऊ, माफक किमतीचीं ‘युटिलिटी’ वस्त्रें निघालीं. आतां सर्वांना एकाच छापाचा गणवेश चढणार, अशी धास्ती लोकांस पडली. ती घालविण्यास १९४२ सालीं तेथील व्यापारखात्यानें योजिलेली युक्ति आम्हांस मोठी मार्मिक वाटते. श्रीमंत स्त्रियांचे पोशाख बेतणाऱ्या हार्टनेल, एमीज प्रभृति नामांकितांकडूनच त्यानें कोट, सूट व झगे यांचे नमुने करवून घेतले. बटणें, खिसे, चुण्या, साऱ्यांवर मर्यादा! (पुरुषांच्या विजारींची खालची दुमडहि गेली, आणि कुरकुर झाली ती तिच्याचसाठीं.) पुढें १९४७ सालीं राजकन्येच्या विवाहवस्त्रावर १०,००० मोत्यें जडविणारा हार्टनेल येथें बटणें मोजून लावीत होता. शिवाय नमुना नुसता देखणा असून भागत नव्हतें; कारखान्यांत तोच हजारोंनीं, थोड्या कापडांत व थोड्या श्रमांत उतरला पाहिजे. असे कांहीं नमुने निवडले गेले. त्यांचा एक संच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत गेला; दुकानांतल्या कोटावर मात्र बेतणाऱ्याचें नांव नव्हतें, होती ती केवळ ‘सीसी ४१’ ही सरकारी मुद्रा.