पगारातली सायकल

ब्रिटनमधील नोकरदारांना 1999 पासून एक करसवलत मिळत आली आहे. मालकाने कामगाराला घरून कामावर येण्याजाण्यासाठी सायकल वापरायला दिली, तर त्या लाभावर प्राप्तिकर आकारला जात नाही. त्या वर्षीच्या वित्त कायद्यात ही तरतूद आली आणि 2003 च्या प्राप्तिकर कायद्यात ती 244 वे कलम म्हणून स्थिरावली. 'सायकल टू वर्क' या नावाने ती ओळखली जाते. मालक सायकल विकत घेतो आणि नोकराला ती बहुधा बारा महिन्यांच्या भाड्याने देतो. भाड्यापोटी नोकर आपल्या पगाराचा काही भाग कर कापला जाण्याआधीच सोडून देतो. या सोडून देण्याला तिकडे 'सॅलरी सॅक्रिफाइस' म्हणतात. यज्ञवेदीवरचा शब्द वेतनपत्रकात येऊन बसला, याची गंमत भाषेच्या अभ्यासकांना वाटल्यावाचून राहणार नाही.

योजना सुरळीत चालते तोवर तिच्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही. नोकर मुदतीच्या मध्येच नोकरी सोडतो, तेव्हा मात्र तिची घडण उघडी पडते. समजा, सायकल 1,200 पौंडांची आहे आणि दरमहा 100 पौंड पगारातून सोडायचे आहेत. 20 टक्के प्राप्तिकर आणि 8 टक्के राष्ट्रीय विमा धरला, तर दर महिन्याला 28 पौंड वाचतात. वर्षाचे झाले 336. पण पाच महिन्यांनी नोकरी सुटली, तर सोडायला पगारच उरत नाही. भाड्याचा करार संपतो आणि उरलेले 700 पौंड बहुतेक करारांनुसार शेवटच्या पगारातून, कर कापून झाल्यावर, एकरकमी वळते होतात. बचत राहते 140 पौंडांची. नोकरी स्वतःहून सोडली की कपातीत गेली, याने हा हिशेब सहसा बदलत नाही.

एवढे भरूनही सायकल त्याची होत नाही, आणि आम्हाला ही गोष्ट पैशांहून अधिक बोलकी वाटते. कायद्याची सवलत वस्तू वापरायला देण्यासाठी आहे, मालकीची करून देण्यासाठी नाही. म्हणून भाडेकराराच्या शेवटी सायकल तुमचीच होईल असे वचन मालकाला आधी देता येत नाही. दिले, तर सवलतच धोक्यात येते. अखेरीस ती आपलीच होणार, हे सर्वजण धरून चालतात, पण कोणी तसे लिहून देत नाही. 2010 मध्ये ब्रिटिश करखात्याने जुन्या सायकलींच्या किमतीचे कोष्टकच काढले. 500 पौंडांहून महाग सायकल वर्षभर वापरल्यावर मूळ किमतीच्या 25 टक्के मोलाची धरायची आणि चार वर्षांनी 7 टक्के. कोष्टक येताच योजना चालवणाऱ्या कंपन्यांनी एका वर्षाच्या भाड्याला आणखी तीन वर्षांच्या वापराचे शेपूट जोडले, म्हणजे शेवटी भरायचे ते 7 टक्केच. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या दारात उभी असलेली सायकल कागदोपत्री कुणा तिसऱ्याचीच असू शकते.

पगाराऐवजी वस्तू, आणि सोडून जाताना त्या वस्तूचा हिशेब: इंग्लंडच्या श्रमेतिहासात हे प्रकरण नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणमालक आणि कारखानदार मजुरीचा काही भाग नाण्यांत न देता आपल्याच दुकानातील मालाच्या रूपाने देत. या पद्धतीला 'ट्रक' आणि त्या दुकानाला 'टॉमी शॉप' म्हणत. माल हलका, भाव चढे, आणि मजुराला दुसरीकडे जायची सोय नाही. डिझरायलीच्या 'सिबिल' (1845) या कादंबरीत डिग्ज नावाच्या दुकानदाराकडे ताटकळणाऱ्या बायकांचे चित्र आहे. या कादंबरीमागे सरकारी चौकशी-अहवालांचे वाचन होते, म्हणून अभ्यासक आजही तिला दस्तऐवजासारखे वाचतात. कादंबरीच्या चौदा वर्षे आधीच, 1831 मध्ये, संसदेने अनेक धंद्यांपुरते ठरवून टाकले होते की मजुरी चलनी नाण्यांतच द्यायची. चौदा वर्षांनीही टॉमी शॉप कादंबरीचा विषय होऊ शकते, यावरून त्या कायद्याची जरब केवढी होती ते दिसते. 1887 मध्ये त्याची कक्षा वाढली, 1896 मध्ये दंडांवर आणि कपातींवर बंधने आली. पुढे 1986 च्या वेतन कायद्याने ही सारी मालिका रद्द केली. थॅचर सरकारचे म्हणणे होते की बँकेत पगार जमा होण्याच्या काळात नाण्यांचा आग्रह कालबाह्य आहे. ते खरेच होते. पण नाण्यांबरोबर 'मजुरी म्हणजे रोख पैसाच' हे तत्त्वही गेले, आणि त्यानंतर तेरा वर्षांनी पगारातली सायकल आली.

या दोन गोष्टी एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. टॉमी शॉपमध्ये मजूर नाइलाजाने जाई. सायकल नोकर राजीखुशीने घेतो, आणि त्यात त्याचा फायदाही असतो. साम्य आहे ते एवढेच, की वस्तूच्या रूपाने मिळालेला पगार नोकरी चालू असताना पगारासारखा दिसतो आणि नोकरी सुटताच कर्जासारखा.

सोडून जाण्याची किंमत इंग्रजी साहित्यात कोणी जवळून ओळखली असेल, तर ती एच. जी. वेल्सने. कापडदुकानातील उमेदवारीसाठी त्याच्या आईने आगाऊ रक्कम भरली होती. 1883 मध्ये, मुदत अर्धीमुर्धी झाली असताना, त्याने ती सोडली. त्याआधी एका रविवारी तो साउथसीहून सुमारे 17 मैल चालत, अपपार्क येथे घरव्यवस्थापिका असलेल्या आईला आपला निश्चय सांगायला गेला. तेरा वर्षांनी त्याने 'द व्हील्स ऑफ चान्स' (1896) लिहिली. तिचा नायक हूपड्रायव्हर कापडदुकानातला नोकर. वर्षातून मिळणाऱ्या दहा दिवसांच्या रजेत तो एका जुन्या सायकलीवर दक्षिण इंग्लंड पालथे घालतो आणि परत दुकानात येतो. त्या काळी दुकानातले नोकर बहुधा मालकाच्याच छपराखाली राहत आणि जेवत. नोकरी गेली की अंथरूणही गेले. हूपड्रायव्हरच्या मालकीची म्हणावी अशी चीज होती ती सायकल, आणि तिच्यावर मालकाचा हक्क नव्हता. कादंबरीतला मोकळा वारा काही अंशी या मालकीतून येतो, असे आम्हाला वाटते.

या इतिहासाची एक फांदी आपल्याकडे मुंबईपर्यंत येते. नोकरीचा करार मोडणाऱ्या कामगाराला इंग्लंडमध्ये 1875 पर्यंत तुरुंगात धाडता येई. त्या वर्षी करारभंग हा केवळ दिवाणी मामला ठरला. हिंदुस्थानात मात्र 1859 चा तेरावा कायदा होता. कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यासाठी अर्ज केला होता, आणि कायदा आधी कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांसाठी झाला. आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला दंडाधिकारी पैसे परत करायला अथवा काम पुरे करायला सांगे. न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. साहेबाच्या देशात जे 1875 मध्ये संपले ते इथून जायला 1925 साल उजाडले. मराठीला या आगाऊ रकमेसाठी नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोड कामगार आजही मुकादमाकडून ती घेतो, आणि हंगाम अर्ध्यावर सोडला तर 'बाकी अंगावर राहिली' असे म्हणतो. कर्ज खात्यावर नाही, अंगावर. हे इंग्रजीत नीट उतरवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

ब्रिटनमधील सायकलस्वाराच्या अंगावर अर्थातच असे काही राहत नाही. त्याची बाकी शेवटच्या पगारातून फिटते आणि तो दुसरीकडे रुजू होतो. तरी शेवटचा पगार ही जागा कायद्यालाही निराळी वाटते. 1996 च्या रोजगार हक्क कायद्याने, लेखी संमतीवाचून किंवा करारातील तरतुदीवाचून, सहसा पगारातून कपात करता येत नाही. दुकानातील गल्ला कमी भरला म्हणून विक्रेत्याच्या पगारातून काही कापायचे, तर एका वेळच्या पगाराच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा आहे. शेवटच्या पगाराला मात्र ही मर्यादा लागू नाही. जाणाऱ्याकडून सारे एकदम वसूल करावे, ही मालकाची जुनी इच्छा कायद्याने तेवढ्या एका खिडकीपुरती मान्य केलेली आहे.

आणि आजचा हूपड्रायव्हर? पगाराचा त्याग केल्यावर हाती येणारे वेतन किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे दुकानात किमान वेतनावर उभ्या असलेल्या नोकराला ही योजना बहुधा मिळतच नाही. त्याला सायकल हवी असेल तर वेल्सच्या नायकासारखी जुनी बघून, रोख पैसे मोजून घ्यावी लागते. ती त्याची होते, आणि नोकरी सोडताना तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.