आईनं घातलेलं पाणी

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी जे जुनं देऊळ आहे, ज्याला आपण चर्च म्हणतो, त्याचं नाव सेंट जॉन द बॅप्टिस्ट. म्हणजे स्नान देणारा योहान. यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला तो हाच. आम्ही खाडीपलीकडचे कळव्याचे आगरी. भाजीच्या पाट्या घेऊन त्या देवळावरनं किती वेळा गेलो असू. पण नावाचा अर्थ मला उशिरा कळला.

ठाण्यात हा संस्कार फार जुना. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, 1321 साली, इथं चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डॅनस मागं राहिला आणि ठाणे-सोपाऱ्याकडं लोकांना बाप्तिस्मा देत फिरला. पुढं 1534 मध्ये वसई प्रांत पोर्तुगीजांकडं गेला. तेव्हा कुणी मनानं, कुणी धाकानं, कुणी सवलतीपायी ख्रिस्ती झालं. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, राज्य गेलं. पण माणसं आपल्या श्रद्धेला धरून राहिली. त्यांनीच 1887 साली ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. बोली मात्र मराठीच.

माझी आई सुईण होती. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. श्रावणातली रात्र, पाऊस नुसता कोसळत होता. शेजारच्या ख्रिस्ती बाईला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. पोर निळं पडलेलं, रडेना. नवरा डॉक्टर आणायला गेलेला. बाईला हात उचलायची ताकद नव्हती. ती म्हणाली, "मावशी, याच्या डोक्यावर पाणी घाला, मी सांगते ते बोला."

आई म्हणाली, "अगं, मी तुमच्यातली नाय."

"चालतं मावशी. जीव जात असला तर कुणीपण देऊ शकतं."

आईनं तांब्यातलं पाणी तीनदा घातलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं म्हणून बोलली. पोर जगलं.

महिन्याभरानं फादरनी आईला बोलावलं. मी पदर धरून बरोबर. त्यांनी विचारलं, पाणी कुणी घातलं, शब्द कुणी बोलले? आई म्हणाली, "दोन्ही मीच. तिला जे पायजे होतं, तेच केलं." फादर म्हणाले, मग बाप्तिस्मा झाला, तो एकदाच होतो, पुन्हा पाणी घालायचं नाही. त्यांनी उरलेले विधी केले: तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, मेणबत्ती पेटवली. वहीत नोंद झाली. लग्नाच्या वेळी हीच नोंद लागते.

त्यांच्या मते मूळ पाप धुऊन माणूस नव्यानं जन्मतो आणि देवाच्या कुटुंबात येतो. म्हणून तान्ह्या लेकरालाही देतात.

परवा त्याच मुलाच्या नातीचा बाप्तिस्मा होता. आईबाप आधी ऑफिसात जाऊन आले, तयारीच्या वर्गाला बसले. धर्मपिता मला करू म्हणाले. पण तो बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेला, सोळा वर्षांवरचा कॅथलिक लागतो. मला क्षणभर वाईट वाटलं. ज्या घरात माझ्या आईनं पाणी घातलं, तिथं मी नुसता पाहुणा!

मग तो आजोबा झालेला मुलगा मला हाताला धरून पुढं घेऊन गेला. फादरना म्हणाला, "मला पाणी घातलं, त्या मावशीचा हा मुलगा."

फादरनी हात जोडले. लेकराच्या डोक्यावर पाणी पडलं, आणि ते मोठ्यानं रडलं. आई असती तर म्हणाली असती, "रडलं ना? मग झालं."