यूसुफ आदिलशहा : थोरवी कशात?

आपल्या नातेपुते परिसरावर एके काळी विजापूरचा अंमल होता. त्या राज्याचा संस्थापक यूसुफ हा तुर्की सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र होता, असा फिरिश्ताचा दावा आहे. १४५१ मध्ये गादीवर आलेल्या भावापासून वाचविण्यासाठी आईने त्याला गुपचूप इराणात धाडले, असे फिरिश्ता सांगतो. पण हा इतिहासकार शंभर वर्षांनंतरचा, आणि विजापूरच्याच दरबारातला! बीदरला यूसुफ गुलाम म्हणून विकला गेला, हे मात्र तोही नाकारीत नाही. महमूद गावानच्या आश्रयाने तो सरदार झाला, १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला, १५१० मध्ये वारला. त्याची गादी १६८६ पर्यंत टिकली. दरबाराला कीर्तीसाठी राजरक्त हवे होते. कष्टकऱ्यांत वावरणाऱ्या आम्हांला मात्र विकल्या गेलेल्या माणसाने राज्य उभारले, यातच त्याची थोरवी दिसते.