दिलेला शब्द, दडवलेली नावे

राजकीय भ्रष्टाचार म्हटले की टेबलाखालून सरकणारे पाकीट आठवते. माझीही कल्पना फार वेगळी नव्हती. जर्मनीचे माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांचे देणगी प्रकरण अभ्यासले आणि ती मोडली.

1949 च्या जर्मन राज्यघटनेचे 21 वे कलम सांगते, की आपला पैसा कुठून आला याचा हिशेब पक्षांनी जनतेला द्यावा. उद्योगपतींच्या पैशाने नाझींना मिळालेले बळ त्या पिढीने पाहिले होते. पुढे मोठ्या देणगीदारांची नावे प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक झाले.

नोव्हेंबर 1999 मध्ये कोल यांच्या पक्षाचे माजी खजिनदार वाल्टर लाइस्लर कीप यांच्यावर अटक वॉरंट निघाले. 1991 साली शस्त्रदलाल कार्लहाइन्झ श्रायबर यांनी स्वित्झर्लंडमध्ये दिलेले दहा लाख मार्क रोख, हे त्यामागचे कारण. धागा ओढला गेला आणि पक्षाची गुप्त खाती उघडी पडली. हेसन राज्यातील शाखेने तर परदेशात दडवलेला पैसा ज्यूंनी मृत्युपत्राने दिलेली देणगी म्हणून दाखवला होता!

16 डिसेंबरला कोल यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली: 1993 ते 1998 या काळात 15 ते 20 लाख मार्क हिशेबाबाहेर घेतले. देणारे कोण? ते सांगणार नाही. त्यांना शब्द दिला आहे.

इथे मी थबकलो. शब्दाला जागणारा माणूस आपल्याकडेही मोठा मानतात. पण घटना आणि कायदे पाळण्याची शपथ कोल यांनी पाच वेळा घेतली होती. तोही शब्दच होता, आणि तो साऱ्या देशाला दिलेला होता. चार भिंतींआडचा शब्द त्याहून वरचढ ठरला.

2001 मध्ये तीन लाख मार्क भरून फौजदारी चौकशी थांबली. कोल यांनी स्वतःचे खिसे भरल्याचे सिद्ध झाले नाही. 2015 मध्ये त्यांचे जुने सहकारी वोल्फगांग शॉयब्ले म्हणाले, असे देणगीदार नव्हतेच. खरे काय ते कोल यांना ठाऊक होते. 16 जून 2017 रोजी ते गेले. नावे सांगितली नाहीत.

पाकीट पकडता येते, त्यातल्या नोटा मोजता येतात. पण पैसा कोणाचा हेच कळले नाही, तर त्याच्या बदल्यात काय दिले गेले, हा प्रश्न विचारायचा तरी कोणाला? नागरिकाचा तो हक्कच इथे गुपचूप काढून घेतला गेला. माझ्या मते खरी लूट ती होती.