लग्नाचा चौक आणि लग्नाचे कर्ज

जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची नावाचे बर्फाळ शहर आहे. तेथील एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी 1982 साली मिथिला संग्रहालय उघडले. नाव मिथिलेचे असले, तरी डहाणूच्या वारल्यांची चित्रेही तेथे आहेत. गंजाडचे जिव्या सोमा माशे यांनी त्या परक्या थंडीत राहून चित्रे काढली. आपल्या शेजारच्या पाड्यावरची कला सातासमुद्रापार जपली गेली, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु संग्रहालयाने काय जपावे, हा प्रश्न त्या अभिमानापाशी संपत नाही.

वारली चित्राचे मूळ स्थान कागद नव्हे. ते घरातली कुडाची भिंत. लग्न ठरले, की सवाशिणी ती भिंत सारवून तांदळाच्या पिठाने तिच्यावर लग्नाचा चौक लिहीत. चौकाच्या मधोमध पालघट देवी विराजमान होई. धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असे. लग्न पार पडल्यावर ते चित्र टिकवून ठेवण्याचा हट्ट कोणी धरीत नसे. पुढच्या लग्नाला नवा चौक लिहिला जाई.

त्याच लग्नाला दुसरी एक बाजू होती आणि ती कोणत्याही भिंतीवर लिहिली गेली नाही. लग्नाच्या खर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेई. ते फिटेपर्यंत नवऱ्याने जमीनदाराकडे राबायचे, आणि नवपरिणीत पत्नीनेही. हिशेबाची वही जमीनदाराची, अक्षर त्याचे आणि आकडाही त्याचाच. मग कर्ज फिटावे कसे? अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. ज्या दिवशी संसार सुरू व्हायचा, त्याच दिवशी दास्य सुरू होई. मुंबई सरकारच्या सेवेतील डी. सिमिंग्टन यांच्या 1939 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातही आदिवासींच्या या पिळवणुकीची आणि वेठीची नोंद आहे. नोंद झाली, पण सुटका झाली नाही.

सुटकेचा मार्ग वारल्यांनी स्वतःच काढला. 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या वतीने हजारो आदिवासी जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या सोबत होते. वेठ करायची नाही आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असे तेथे ठरले. त्यानंतर गावोगावी लग्नगडी मोकळे होऊ लागले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे धारातीर्थी पडले. परुळेकर कम्युनिस्ट होते, म्हणून आपल्यापैकी काहींना हा इतिहास परका वाटत असेल. परंतु दासांना मोकळे करा, हे लेवीयच्या पुस्तकातील जुबिली वर्षाचेच सांगणे आहे. ती आज्ञा येथे कोणी पाळली, हे प्रामाणिकपणे मान्य करण्यात आपल्या श्रद्धेला उणेपणा येत नाही.

इतिहासाचा योगायोग पाहा. 1976 साली जिव्या सोमा माशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा संमत झाला. 2011 साली माशे यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. आज चौकातल्या आकृती साड्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर नाचत आहेत. लग्नगडी हा शब्द मात्र तरुणांच्या कानावरही नाही.

आपल्या धर्मग्रामांत विवाहाची नोंदवही असते. वर-वधूची नावे, साक्षीदार, तारीख आणि धर्मगुरूची सही, सारे तिच्यात सापडते. कर्जाचा रकाना तिच्यात नसतो. तो रकाना भरता येईल, तो केवळ वृद्धांच्या आठवणींतून. तलासरीच्या ज्ञानमाता सदनासारख्या संस्थांत शिकलेल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे. आजी-आजोबांपाशी बसून विचारावे: तुमच्या किंवा तुमच्या आईबापांच्या लग्नाला किती कर्ज काढले होते? ते कोणाच्या शेतावर आणि किती वर्षे फेडले? कोणी सोडवले? ऐकलेले शब्द जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत.

संग्रहालयासाठी मोठी वास्तू लागत नाही. तोकामाचीला एक जुनी शाळा पुरली. आपल्याला चर्चच्या आवारातली एक खोली पुरेल. तिच्या एका भिंतीवर सवाशिणींच्या हातचा चौक असावा आणि शेजारी लग्नगड्यांच्या आठवणींची वही. चौकाचे सौंदर्य त्यामुळे कमी होणार नाही. दास्याची छाया असतानाही ज्या बायांनी एवढा आनंद भिंतीवर लिहिला, त्यांची थोरवी मात्र पाहणाऱ्याला कळेल. वृद्धांची ती पिढी आता थकत चालली आहे. वही उघडायची असेल, तर ती या उन्हाळ्याच्या सुट्टीतच उघडावी.