अप : अर्थ आणि उपयोग

अप : इंग्रजीतील दिशावाचक शब्द. तो मुख्यतः क्रियाविशेषण म्हणून येतो. ‘वर’ हा त्याचा मूळ अर्थ खरा, पण त्याचे अनेक उपयोग नुसत्या उंचीने उलगडत नाहीत. बोलणाऱ्यांनी कोणते टोक ‘वरचे’ मानले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. याचा ठळक पुरावा रेल्वेत सापडतो. ब्रिटनमध्ये लंडनकडे येणारी गाडी अप, तिथून निघणारी डाऊन. मुंबईतही शहराकडे येणारी गाडी अप समजतात. त्यामुळे कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावून, ३७ फुटांना १ फूट असा बोरघाटाचा खडा चढ चढत पुण्याकडे जाणारी गाडी डाऊन असते आणि खंडाळ्याहून घाट उतरून येणारी अप. उंचीच निर्णायक असती, तर ही नावे नेमकी उलटी पडली असती.

मग ‘अप’ म्हणजे मोठ्या शहराकडे, असे म्हणावे का? तेही पुरेसे नाही. कोलकात्याच्या हावडा स्थानकाहून सुटणारी कालका मेल ‘१ अप’ होती आणि परतीची ‘२ डाऊन’. खुद्द लंडनचा विद्यार्थीही ऑक्सफर्डला ‘अप’ जातो. विद्यापीठातून काढून टाकलेला ‘सेंट डाऊन’ होतो. मॅनहॅटनमध्ये अपटाऊन म्हणजे उत्तरेकडे. म्हणजे टोक बदलते. ते आधी ठरलेले असणे मात्र कायम राहते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे : मुळात आधार उंचीचाच. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखवले, की ‘जास्त’ आणि ‘आनंदी’ यांना इंग्रजी ‘वर’ मानते आणि त्यामागे शरीराचा अनुभव असतो : रास वाढली की उंच होते. भाव ‘अप’ जाणे किंवा मन ‘अप’ असणे यांना हे स्पष्टीकरण चपखल लागू पडते. परंतु ‘ड्रिंक अप’ म्हटल्यावर पेल्यातली पातळी खालीच जाते. तिथे ‘अप’ क्रियेचा शेवट दाखवतो : पेला रिकामा करा. ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली. म्हणजे शेवट हेही एक टोकच; उंची हे ‘अप’च्या टोकांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित टोक, एवढेच म्हणता येते.

म्हणून शब्दकोशात ‘वर’ एवढाच प्रतिशब्द देणे अपुरे ठरते. प्रत्येक उपयोगाचे टोक सांगायला हवे. मराठीने तर ‘अप-डाऊन करणे’ म्हणजे कामासाठी रोज गाडीने ये-जा करणे, असा स्वतःचा अर्थ घडवला आहे. त्यात कुठली बाजू वरची, हे विचारण्याची गरजच उरत नाही.